मापात बसलेली गाडी

सत्यवान परुळेकरांची गाडी सकाळी नऊ वाजता दुरुस्त झाली आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी स्वतःच्याच शेडमध्ये अडकली. बरं, दिवस तरी कुठला निवडावा? सख्ख्या भाचीच्या लग्नाचा! नम्रताचं लग्न शिरोड्याला, मुहूर्त बारा छत्तीसचा, आणि मालवणजवळच्या भाटवाडीतून शिरोडा गाठायला गाडी कशीही हाकली तरी दोन तास. मुलीला मांडवात आणायचं मामाने, तिच्या पाठीशी उभं राहायचं मामाने. आणि इकडे मामा नवीन सदरा घालून शेडच्या दारात मान वाकडी करून बघत होता, की अडलंय तरी काय.

अडलं होतं ते टपावरचं कॅरिअर. शेडच्या दाराला वरून सिमेंटची आडवी पट्टी होती, आणि कॅरिअर त्या पट्टीला थाडकन जाऊन भिडलं होतं. चांगलं दोन बोटं वर!

"सुदेश, मेल्या, काय केलंस ह्यां?" सत्यवान ओरडले.

सुदेश मेकॅनिक गाडीच्या पोटाखालून बाहेर आला. "मी काय केलंय? चारय स्प्रिंग बदललंय. तुमीच सांगितलास."

"मगे गाडी वाढली कशी?"

"गाडी वाढूक नाय, काकानू. इतकी वर्सा बसलली, ती आता उठली."

पुढच्या सीटवर सत्यवानांची आई, आनंदीबाई, दुरुस्ती संपताच हिरवं लुगडं सावरत येऊन बसली होती. वय ब्याऐंशी. गाडीला हिसका बसला तशी तिने डोळे उघडले. "सत्या, मालवण गेला काय रे?"

"नाय गो आये. अजून घरातच आसंव."

"बरा," असं म्हणून तिने पुन्हा डोळे मिटले.

आता ही शेड काही आल्यागेल्या गवंड्याने अंदाजपंचे बांधलेली नव्हती. सत्यवान परुळेकर म्हणजे भूमापन खात्यातले मोजणीदार. बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. वाडीत त्यांना सगळे सर्व्हेअरच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः टेप धरून गाडी मोजली, कॅरिअरच्या वर बरोबर तीन बोटं सोडली आणि गवंड्याला बजावलं, "एक सूत इकडेतिकडे झालं तर तोडायला लावीन." पुढे पाच वर्षं येईल त्या पाहुण्याला ते शेड दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्याला म्हणतात माप!" माप खरंच अचूक होतं. फक्त ज्या गाडीचं घेतलं ती तेव्हाच अठरा वर्षांची होती आणि तिचे चारही स्प्रिंग पार बसलेले होते, एवढी गोष्ट टेपवर दिसली नाही.

त्यातला मागचा एक स्प्रिंग महिन्यापूर्वी तुटला. मालवणच्या बाजारातून येताना मागच्या सीटवर मासे विकणारी काशीबाई होती आणि तिच्या शेजारी नारळवाला बाबा होता. हा बाबा म्हणजे एकटाच शंभर किलोच्या वर. वाटेत खड्डा आला, खाडकन आवाज झाला, आणि सत्यवानांचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. त्यांनी दोघांनाही भर उन्हात रस्त्यावर उतरवलं आणि चारचौघांत म्हणाले, "तुमच्या बुडांनी माझी गाडी मोडली! आजपासून ह्या गाडीत परको माणूस चढाचो नाय!" गाडी कशीबशी फरफटत शेडमध्ये आणून उभी केली आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर स्वतःच्या सरकारी वळणदार अक्षरात पाटी लावली: 'येथे लिफ्ट मागू नये.'

पुढे आलं नम्रताचं लग्न. बहीण गौरजाने शिरोड्याहून वाडीत घरोघरी फोन करून आमंत्रण केलं आणि प्रत्येकाला सांगितलं, "दादा हाडतलो तुमका गाडयेतसून." सत्यवानांनी तितक्याच घरी निरोप धाडला, की गाडी म्हातारी आहे, आमची तीन माणसं बसली की भरली. गौरजाला हे कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "तुझा तू तरी वेळार ये म्हणजे झाला. मामा नाय म्हणान मांडवात चेडू खोळंबूक नको." हे वाक्य सत्यवानांना फार लागलं होतं. म्हणूनच बांद्यापासून कुडाळपर्यंत स्प्रिंग शोधणं चाललं होतं. ते मिळाले लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, तेही भाड्याच्या गाडीला घालतात तसले दणकट. आणि तुटक्या स्प्रिंगची गाडी हलवता येत नाही म्हणून सुदेशने सकाळी सहाला येऊन ते शेडमध्येच बसवले.

"कॅरिअर काढ!" सत्यवान म्हणाले.

सुदेशने पाना घेतला, टपावर चढला आणि तसाच खाली उतरला. "ह्येका बोल्ट खंय आसत? वेल्डिंग केललां आसा."

ते वेल्डिंग सत्यवानांनीच करून घेतलं होतं. पूर्वी वाडीत कोणाला गाद्या न्यायच्या असोत, पत्रे न्यायचे असोत, लोक येऊन कॅरिअर मागून न्यायचे. ते कोणाला नेताच येऊ नये म्हणून सत्यवानांनी एका दुपारी ते टपाला कायमचं डकवून टाकलं होतं.

"कटरान काप मगे!"

"लाईट खंय आसा? पहाटेपासून नाय."

"ती वरची पट्टी फोड!"

सुदेशने हातोडा मारला. हातोडा टण्णकन उडून मागे आला आणि पट्टीचा कपचाही निघाला नाही. सत्यवानांनी त्या पट्टीत बारा मिलिमीटरच्या चार सळ्या घातल्या होत्या, आणि तेही पाहुण्यांना सांगितल्याशिवाय ते राहत नसत.

"टायरातली हवा काढूया?" सुदेशने भीत भीत विचारलं.

"आणि मगे शिरोड्याक काय रिमार जाव? शिरा पडो तुझ्या अकलेर!"

सत्यवानांची बायको सुगंधा ओटीचं सामान आणि मामाकडची पिवळी साडी छातीशी धरून उभी होती. तिने घड्याळ बघितलं. "अवो, साडेनव झाले. भाईची रिक्षा बघूया काय?"

"भाई पहाटेच कणकवलीक वऱ्हाड घेवन गेलो."

"सुदेशाच्या मोटारसायकलीर तुमी एकटे तरी फुडे जावा."

"आणि आयेक काय डिकीत घालून हाडतलंस? मी माझ्या गाडयेतसूनच जातलंय! गौरजाक तोंड दाखवचा आसा माका!"

सुगंधाने कपाळाला हात लावला. तीस वर्षांच्या संसारात हा हात तिथेच मुक्कामाला असायचा. पण बाई नजरेने तयार. ती म्हणाली, "एक सांगू? मगाशी आये गाडीत बसली, तशी गाडी इतकीशी खाली गेली. मी बघलंय."

सुदेशचे डोळे चमकले. त्याने मागून गाडीवर अंगाचा सगळा भार टाकला. गाडी दबली, कॅरिअर जरासं उतरलं, त्याने हात काढला तशी पुन्हा वर आली. "काकीनू, बरोबर बोललात! काकानू, माणसा भरा. सात-आठ भरली काय गाडी दबतली. शेडीक उतार आसा, न्यूट्रलात घातली तर आपसूक भायर येयत."

"सात-आठ माणसा खंयची हाडू?"

सुगंधाने फक्त फाटकाकडे बघितलं. फाटकावर पाटी होती, आणि पाटीच्या पलीकडे अर्धी वाडी उभी होती. हातोड्याच्या आवाजाने जमलेली ती माणसं गेला अर्धा तास फाटकालगतच्या दगडी गडग्याला टेकून मोठ्या समाधानाने सगळं बघत होती. सगळ्यांच्या पुढे काशीबाई, डोक्यावर टोपली, हात कमरेवर.

सत्यवान फाटकापर्यंत गेले. ती वीस पावलं त्यांना वीस गुंठ्यांएवढी वाटली.

"काशीबाय, जरा येशीत?"

"खंय?"

"गाडीत बसूक."

"माका?" काशीबाईने मागे वळून बघितलं, जणू तिथे दुसरी काशीबाई उभी आहे. "माझ्या बुडान तुझो स्प्रिंग मोडता मां? आणि ही पाटी कोणाक लावललंस?"

"आता ता उगाळू नको गो. गाडी भायर येयसर नुसता बसूचा. मगे उतरान जा."

"म्हणजे तुका माणसा नको, वजन व्हया."

गडग्यावरची माणसं खदखदून हसली. सत्यवानांचे कान तापले. काशीबाई मात्र फाटक ढकलून आत आली, शेडच्या दाराशी गेली आणि एकदम थांबली. कोपऱ्यात सुदेशने काम करताना डिकीतून काढून ठेवलेल्या वस्तू होत्या: हद्दीला पुरतात तसले सहा दगड आणि मोजणीची लोखंडी साखळी.

"सुदेश, ह्ये धोंडे कसले रे?"

सुदेश खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "काकांच्या डिकीतले. चटईच्या खाली होते. रिटायर झाले तेवापासून पडान आसतले."

काशीबाईने बोट लावून दगड मोजले. मग गडग्याकडे तोंड करून तिने बाजारातला आवाज काढला, "बाबाऽऽ, हयसर ये रे! स्प्रिंग कोणी मोडलो तो बघ!"

बाबा आला. त्याने दोन्ही हातांनी एक दगड उचलून बघितला, कण्हला आणि ठेवला. "सत्यवानानू, ह्ये इतकी वर्सा घेवन फिरलात? माका वाटला मीच जड."

निवृत्तीच्या दिवशी ते दगड कचेरीत परत करायचे राहिले होते, उद्या करू म्हणता म्हणता सत्यवान विसरले होते. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या हद्दी दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या डिकीत काय आहे हे माहीत नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. घड्याळात पावणेदहा झाले होते.

"चुकलंय मी, काशीबाय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की सुगंधानेही मान वळवून बघितलं. "त्या दिवशी तुमका दोघांक उन्हात उतरवलंय, ता चुकला. पण आता नम्रताचो मुहूर्त चुकात. मामा नाय म्हणान पोर थांबान रवात."

काशीबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. तिच्यात मासे नव्हते. नारळ होता, खण होता, तांदळाची पुडी होती आणि कागदात गुंडाळलेली चांदीची जोडवी होती.

"ह्या हातांनी न्हाणयलंय मी नम्रताक," ती म्हणाली. "गौरजा बाळंतपणाक इलली, तेवा सव्वा महिनो. तिचा लग्न, आणि मी घरात बसतलंय असा वाटला तुका? साडेनवाच्या एस्टीक निघाललंय मी. ह्यो बाबा पण. तुझो तमाशो बघण्यात एस्टी गेली."

बाबाने मान डोलावली. त्याच्या अंगावरचा शर्ट इस्त्रीचा होता, हे आता सत्यवानांच्या लक्षात आलं.

"बसतंय मी," काशीबाई म्हणाली. "पण एकदा बसलंय काय शेडीभायर उतरूचंय नाय. थेट शिरोड्याक. मी आणि बाबा, दोघांय. कबूल?"

"कबूल, कबूल! बस गो बाय!"

मग भरणी सुरू झाली. सत्यवान स्टीअरिंगवर. मागे सुगंधा, काशीबाई आणि वाडीतल्या आणखी दोघी, एकमेकींच्या मांडीवर. सुदेश शेडच्या दारात स्टुलावर चढून कॅरिअर आणि पट्टी यांच्यात डोळा लावून उभा.

"अजून दीड बोट!"

डिकी उघडून एकजण बसला.

"एक बोट! अजून व्हयो!"

"धोंडे घाला!" कोणीतरी ओरडलं. सहा दगड आणि साखळी परत डिकीत गेली.

"अर्धा बोट! बाबा, आता तू!"

बाबा डिकीच्या काठावर टेकला. चारही नवे स्प्रिंग एका सुरात कुरकुरले आणि गाडी अशी खाली गेली की आनंदीबाईंनी डोळे उघडले. "परुळा इला काय रे? घाटी लागली मां?"

"आये, हलू नको!"

"सुटली!" सुदेश ओरडला. "कोणी हलूचा नाय! कोणी हसाचा नाय! काकानू, ब्रेक सोडा!"

ब्रेक सुटला. गाडी उताराला हलकेच मागे सरकू लागली. सगळ्यांनी श्वास धरला. कॅरिअर पट्टीखाली शिरलं, अर्ध्यावर आलं, आणि तेवढ्यात काशीबाईला हसू आवरेना. ती हसली तशी तिच्या मांडीवरची हसली, ती हसली तशी डिकीतला हसला. गाडी गदागदा हलायला लागली. "कर्रर्र" असा आवाज करत कॅरिअरने पट्टीचा पाच वर्षांचा पिवळा रंग सोलून खिडकीतून डोकावणाऱ्या सत्यवानांच्या खांद्यावर पाडला आणि गाडी अंगणात येऊन थांबली. गडग्यावर टाळ्या पडल्या.

"शिरोडा इला?" आनंदीबाईंनी विचारलं.

"शेडीतसून भायर इलंव, आये," सत्यवान घाम पुसत म्हणाले. "आता शिरोडा सोपा."

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. दगड, साखळी आणि ज्यादा माणसं अंगणातच उतरली. पुढे आई, मागे सुगंधा, काशीबाई आणि बाबा. वेंगुर्ल्यापर्यंत काशीबाईचं तोंड एकदाही मिटलं नाही. गाडीने मात्र एका खड्ड्यालाही हूं की चूं केलं नाही. सत्यवानांना हे कोणाला तरी सांगायचं होतं, पण सांगायला तोंड कुठून आणणार? शेवटी बाबाच म्हणाला, "गाडी झ्याक चलता आता, सत्यवानानू." सत्यवान नुसते "हूं" म्हणाले. पण पुढचा अर्धा मैल त्यांनी खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत.

बारा पंचवीसला ते मांडवाशी पोचले. गौरजा दारातच उभी होती, आणि तिचा चेहरा बघून सत्यवानांनी उशिराची सगळी कारणं मनात ओळीने लावून ठेवली. पण गाडीचं मागचं दार उघडलं, आधी काशीबाईची टोपली बाहेर आली, मग काशीबाई, आणि गौरजाचा चेहरा बघता बघता बदलला.

"काशीबाय! बाबा! दादा, तू हाडलंस ह्येंका?" तिने भावाचा हात घट्ट धरला. डोळे भरले तिचे. "मी तुका काय काय बोललंय रे फोनार! माका वाटला तू एकटोच येतलंस."

सत्यवानांनी चोरून काशीबाईकडे बघितलं. आता ही सगळं सांगणार: पाटी, धोंडे, वजन, सगळं. काशीबाईनेही त्यांच्याकडे बघितलं, अंमळ जास्तच वेळ.

"व्हय गो," ती म्हणाली. "स्वता फाटकापर्यंत इलो बोलवूक. चल, चेडू खंय आसा?"

आणि बारा छत्तीसला नम्रताच्या पाठीशी मामा उभा होता. अंगावर नवा सदरा, खांद्यावर पट्टीचा पिवळा रंग. पोरीने मान वळवून आधी मामाकडे बघितलं, मग त्याच्या मागे डोळे पुसत उभ्या असलेल्या काशीबाईकडे, आणि अंतरपाट असतानाच ती खुदकन हसली.

ऊन उतरता उतरता गाडी भाटवाडीला परतली आणि शेडच्या दाराशी थबकली. आत पाच माणसं, वर एक बोट कमी. सत्यवानांनी कपाळाला हात लावला. सुगंधाचा तिथे आधीच होता. काशीबाईने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि बाजारातला आवाज काढला. दोन मिनिटांत तीन घरांतून तीन माणसं हात पुसत आली, गाडीत कोंबून बसली, आणि गाडी शेडमध्ये शिरली.

तेव्हापासून तोच रिवाज पडला. सत्यवानांना बाजारात जायचं तर आधी वाडीत फिरून विचारायचं, "मालवणाक कोण येता काय रे?" आठ जमले की गाडी बाहेर. तीन फाटकाशी उतरायचे, बाकीचे बाजारात. फाटकावरची पाटी आता गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाखाली असते.

पंधरा दिवसांनी सुदेश पिशवीत कटर घेऊन आला. सकाळची वेळ होती, बाजाराचा दिवस. शेडमध्ये आनंदीबाई पुढच्या सीटवर बसून काशीबाईला कुठल्या तरी जुन्या लग्नातलं भांडण सांगत होती, आणि मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज येत होता. बाबा डिकीजवळ उभा होता. सात माणसं झाली होती, आठव्याची वाट बघणं चाललं होतं.

"काकानू, माझ्या डोक्यातसून जायना," सुदेश म्हणाला. "दहा मिनटाचा काम. कॅरिअर कापून टाकतंय. मगे कोणाच्या पाया पडाक नको, एकटे जावा, एकटे येवा."

पडवीत पंख्याखाली बसून चपला घालणाऱ्या सत्यवानांनी कटरकडे बघितलं. मग शेडकडे बघितलं. आई आता इतकी हसत होती की तिने कवळी हातात काढून घेतली होती.

"आज नको रे," ते म्हणाले. "लाईट खंय आसा?"

सुदेशने त्यांच्या डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. कटर पिशवीत घातला आणि मुकाट्याने जाऊन डिकीत बसला.